मिठाच्या खडकावरची घंटा

मित्रांनो, अवजारांच्या खोपटीत दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली, एका कडेला चेपलेली, तांबूस काळी अशी जी घंटा तुम्हाला दिसते, ती मी. देवळातल्या घंटेचा गोलावा मला नाही आणि शाळेच्या घंटेचा चपटेपणाही नाही. लोखंडाचा एक पत्रा दुमडून, कडांना रिबिटे ठोकून, आत एक लोखंडी गोळी जिभेसारखी टांगून खालच्या खोऱ्यातल्या लोहाराने मला घडवले. मी गाईच्या गळ्यातली घंटा आहे, आणि आता वयाने पुष्कळच म्हातारी आहे.

येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील की अमेरिकेतल्या डोंगरावरच्या घंटेला मराठी कोठून येते? प्रश्न रास्त आहे, आणि रास्त प्रश्नाला बगल देणे माझ्या स्वभावात नाही. जिला वाजण्याखेरीज दुसरे काम फक्त ऐकण्याचे, तिला आसपासच्यांची भाषा यावी यात नवल ते काय? नवल करायचेच असेल तर याचे करा, की ज्या दोघा गृहस्थांकडून मी ती शिकले, त्यांचे एका वाक्यावरही कधी एकमत झाले नाही. त्यांच्याविषयी यथाक्रम सांगेन. आधी माझ्या माळाविषयी.

उत्तर कॅरोलायना आणि टेनेसी या दोन राज्यांच्या सीमेवर धुक्याने सदा निळसर दिसणारे डोंगर आहेत. त्यांच्या उतारांवर इतके घनदाट अरण्य आहे की दुपारी बाराचे ऊनही जमिनीपर्यंत पोचताना दमते. पण चढणारा माणूस माथ्याशी आला की झाडी एकाएकी संपते आणि समोर उघडा, गवताळ माळ पसरतो. इकडचे लोक अशा माथ्याला ‘बॉल्ड’, म्हणजे टक्कल म्हणतात. ही टकले कशी पडली याचा उलगडा पंडितांना झालेला नाही. कोणी वीज म्हणतो, कोणी वणवा, कोणी पुराणकाळातले चरणारे प्राणी. मूळचे रहिवासी असलेले चेरोकी लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत आणि त्यांना बळाने हुसकावल्यावर गोरे शेतकरी आले, एवढे मात्र निश्चित. माळाने दोघांनाही पाहिले, आणि दोघांपैकी कोणालाही तो आपला म्हणाला नाही.

वसंत लागला की खोऱ्यातली कुटुंबे आपली गुरे एझ्रा नावाच्या गुराख्याच्या हवाली करीत, आणि तो ती माळावर आणी. कळपाची पुढारीण पॉली नावाची एक तांबडी, हट्टी गाय होती. तिच्या गळ्यात मी. माळावर धुके उतरले की हातभर अंतरावरचे शिंग दिसत नसे. तेव्हा एझ्रा डोळे मिटून माझ्या आवाजामागे चाले. तो इतर गुराख्यांना सांगे की डोळे फसवतात, ही घंटा फसवत नाही. मित्रांनो, स्तुती मलाही आवडते. ते वाक्य मी आजवर जपून ठेवले आहे.

माळाच्या कडेला एक सपाट खडक आहे. एझ्रा आठवड्यातून एकदा त्यावर मीठ ठेवी आणि हाळी देई. मग मी पुढे आणि कळप माझ्यामागे, असे आम्ही धावत सुटत असू. गाईंनी चाटून चाटून त्या खडकाला वाट्या पाडल्या. एझ्राचे शास्त्र साधे होते: ज्याला आपल्यापाशी बांधून ठेवायचे, त्याला दोरी लावू नये, मीठ घालावे. हे शास्त्र नीट ध्यानात ठेवा. माझी सारी गोष्ट त्या खडकावर उभी आहे.

पुढे सरकारने या डोंगरांचे राष्ट्रीय उद्यान केले. खोऱ्यातली कुटुंबे निघाली. काही खुशीने, पुष्कळशी डोळे पुसत. गुरांना माळाची बंदी झाली. शेवटच्या उतरणीला एका झुडपात माझा पट्टा अडकून तुटला. एझ्राने धुक्यात बराच वेळ शोध घेतला, पण पडलेली घंटा वाजत नाही आणि न वाजणारी घंटा धुक्यात सापडत नाही. तो गेला. माझ्यावर गवत वाढले, गवतावर पाने पडली.

तेथे मी एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. उद्यान म्हणजे जिथे कशालाही हात लावायचा नाही अशी जागा, असे त्या काळी सर्वांचे मत होते. उद्देश थोर होता. पण चरणारी तोंडे गेली तसा माळाच्या कडेने ब्लूबेरीच्या झुडपांनी, मग काटेरी झाडांनी, मग ओकच्या रोपांनी शिरकाव केला. जूनमध्ये माळाला आग लागल्यासारखी फुलणारी केशरी अझेलिया सावलीत कोमेजू लागली. गवतात घरटी करणारे पक्षी कमी झाले. परदेशातून आणून सोडलेली आणि मोकाट वाढलेली रानडुकरे होती तेवढे गवत नाकाने उकरीत. कोणी वाईट वागले नाही, तरी माळ मरू लागला. हात न लावणे म्हणजेच जपणे, असे ज्यांना वाटते त्यांनी माझ्यावर पडलेली सावली पाहायला हवी होती.

ऐंशीच्या दशकात उद्यानाचे मत बदलले. काही टकले राखायची असे ठरले आणि झुडपे तोडण्यासाठी स्वयंसेवकांना हाक गेली. आता माझ्या गोष्टीत मराठी माणसे येतात.

उत्तर कॅरोलायनातल्याच मॉरिसव्हिल गावाजवळच्या एका कंपनीत श्रीराम नावाचे अभियंते होते, मूळचे पुण्याचे. त्यांचे स्नेही एकनाथ हे नागपूरचे. बाबासाहेबांना मानणारे बौद्ध, आणि विद्यापीठात गवतावर संशोधन करणारे. श्रीरामांच्या पत्नी नंदा यांना सगळे नंदाकाकू म्हणत. त्यांची मुलगी लतिका अमेरिकेतच जन्मली आणि वाढली. ती वन्यजीवांचा अभ्यास करी व वसंतापासून पानगळीपर्यंत या उद्यानात खाकी गणवेश घालून काम करी. या मंडळींना माळावर तिनेच ओढून आणले होते. हंगामभर दर शनिवारी सगळे गाडी हाकीत डोंगराशी येत, डबे पाठीला लावून चढत आणि दुपारपर्यंत झुडपे तोडत.

श्रीराम आणि एकनाथ यांचा वाद पायथ्याशी सुरू होई तो माथ्यावरही संपत नसे. फावडे कसे धरावे इथपासून सह्याद्रीचे माळ मोठे की हे, इथपर्यंत त्यांना कोणताही विषय चाले. अशाच एका वादात एकनाथांनी रागाने कुदळ हाणली आणि ती माझ्यावर बसली. माझ्या कडेचा चेपलेपणा त्या दिवसाचा आहे. मी खणकन वाजले.

एकनाथांनी मला उचलून माती झटकली. “बघ, तुझ्याशी बोलण्यापेक्षा जमिनीशी बोललेलं बरं,” ते श्रीरामांना म्हणाले. “निदान उत्तर तरी मिळतं.”

उद्यानात सापडलेली वस्तू उद्यानाचीच, असा नियम आहे. लतिकाने मला तेथल्या मुख्य रेंजरपुढे नेले. वॉल्टर हे त्यांचे नाव. उंच, अबोल, अर्धे आयुष्य या डोंगरात घालवलेले गृहस्थ. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले आणि माळाची वस्तू माळावरच राहू दे असे सांगून खोपटीच्या खिळ्याला टांगले. स्वयंसेवकांना जेवायला बोलावण्याचे काम मला मिळाले. एवढ्या वर्षांनी मला पुन्हा आवाज आला, मित्रांनो. मी इतकी आनंदाने वाजे की मंडळी कानांवर हात ठेवून पळत येत.

जेवण नंदाकाकूंचे असे. थालीपीठ, दही, लसणीची चटणी, आणि सणवार जवळ असला तर पुरणपोळी. अन्न उघड्यावर टाकू नये हा उद्यानाचा नियम काकूंना तोंडपाठ होता. खरकटे, साली, कागदाचा कपटासुद्धा त्या पिशवीत भरून खाली नेत. पण जेवायला बसण्यापूर्वी पहिला घास मुक्या जिवासाठी बाजूला काढायचा, ही त्यांची माहेरापासूनची रीत. घास म्हणजे काही खरकटे नव्हे! तो त्यांच्या दृष्टीने अन्नाच्या नियमात बसतच नव्हता. सगळे हात धूत असताना त्या हलकेच जात आणि तुपाने माखलेला घास त्या सपाट खडकाच्या वाटीत ठेवून येत. तो घास घासाएवढाच राहिला नाही. हळूहळू अख्खी पोळी झाली.

पोळी खायला कावळे येतात अशी त्यांची समजूत होती. मी खिळ्यावरून सर्व पाहत होते. येत होते ते काळे, तुकतुकीत, आईपासून नुकतेच वेगळे झालेले एक अस्वल.

काकूंनी त्याला एकदाच दुरून पाहिले. भिण्याऐवजी त्यांना भरून आले. आईवेगळे दिसते, म्हणाल्या, आणि मनातल्या मनात त्याचे नाव बाळ ठेवले. पुढच्या खेपेला त्यांनी पोळीवर गूळही घातला. कोणाला सांगितले नाही. दान सांगून करू नये, हीही त्यांची रीतच.

ऑगस्टमध्ये ब्लूबेरी पिकल्या तेव्हा खडकापाशी एका वाटसरूने पाठीवरची पिशवी खाली ठेवली, छायाचित्र काढण्यासाठी पाठ फिरवली, आणि तो वळतो न वळतो तोच बाळने ती पिशवी त्याच्या देखत उचलून नेली. इजा कोणाला झाली नाही. पण वॉल्टरांचा चेहरा उतरला. माणसाला न भिणाऱ्या अस्वलाला पिंजरा लावून दूर सोडावे लागते, ते परत आले तर मारावे लागते, असे त्यांनी लतिकाला सांगितले. ते म्हणाले, माणसाच्या हातचे खाणारे अस्वल दोनदा मरते. आधी त्याची भीती मरते आणि मग ते. या अस्वलाचा माग लतिका वसंतापासून ठेवीत होती. त्याला कोण खायला घालते ते शोधण्याचे काम वॉल्टरांनी तिच्यावरच टाकले.

ती खडकापाशी आली, गुडघ्यांवर बसली आणि वाटीत बोट फिरवून पाहिले. बोट पिवळे झाले. तिने ते नाकाशी नेले. तूप आणि हळद यांचा वास ओळखायला तिला कोणत्याही विद्यापीठात जावे लागले नसते.

पुढच्या शनिवारी काकू घास घेऊन आल्या तेव्हा लतिका खडकावर बसलेली होती.

“आई, ही पोळी कोणासाठी?”

“मुक्या जिवासाठी गं. तुला माहितीये की.”

“तो मुका जीव आता लोकांच्या बॅगा पळवतोय. नेक्स्ट टाइम त्याला ट्रॅप करणार. आणि मग शूट करतील. आय हॅव टु टेल वॉल्टर, आई. मला सांगावंच लागेल की माझ्याच आईने केलं.”

काकूंच्या हातातली पोळी हातातच राहिली. उपाशी जिवाला घास घातला, यात पाप ते कुठले, असे त्यांनी विचारले. पण तो प्रश्न त्या स्वतःलाच विचारीत होत्या. श्रीराम पत्नीच्या बाजूने शास्त्राधार काढू लागले. एकनाथांनी त्यांना थांबवले. ते म्हणाले की हा खडक गुरांना मीठ घालण्याचा आहे, वाट्या पाहा. मीठ घालणारा गुराखी गाईला आपली करीत होता, आणि गाय त्याची होतीही. हे अस्वल आपण आपले करून काय करणार? मॉरिसव्हिलला गोठा बांधणार?

मला एझ्राची आठवण झाली. त्याचे शास्त्र मराठीत ऐकू येईल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

काकूंनी पोळी डब्यात परत ठेवली. “चल,” त्या लतिकाला म्हणाल्या, “तुझ्या साहेबांना मीच सांगते. तू कशाला तोंड खाली घालतेस?”

त्यांनी खरोखरच सांगितले. इंग्रजी अडखळत होते, पण अपराध नेमका होता. वॉल्टरांनी ऐकून घेतले आणि पाने गळून पडेपर्यंतची मुदत दिली. तोवर अस्वल माणसाला पुन्हा भिऊ लागले तर ठीक. नाही तर पिंजरा.

बाळला भिववायचे म्हणजे त्याच्या खडकापाशी मोठा गोंगाट करायचा, आणि गोंगाटाला माझ्याइतकी लायक वस्तू माळावर दुसरी नव्हती. मला कोण वाजवणार यावर चर्चा झाली नाही. सवय मी लावली, मोडणारही मीच, असे काकूंनी जाहीर केले. एकनाथांनी पातेली वाटली. वॉल्टर आणि लतिका पुढे उभे राहिले. काकूंनी मला खिळ्यावरून काढले आणि सारा जीव एकवटून वाजवले.

झुडपे हलली. बाळ धावत आला. पळून जाण्यासाठी नव्हे, मित्रांनो, आमच्याच दिशेने! खडकाशी येऊन तो बुडावर बसला, पुढचे पंजे पोटावर ठेवले, आणि आशेने आमच्याकडे पाहू लागला.

माझी जीभ पोटातच गार झाली. उन्हाळाभर मी वाजले की मागोमाग पोळी येत होती. त्या गरीब जिवाच्या लेखी माझा आवाज म्हणजे जेवणाचे बोलावणे होते.

“हा तर पंक्तीला बसला,” श्रीराम हळूच म्हणाले.

“पाट तेवढा राहिला,” एकनाथ म्हणाले. पण हसले कोणीच नाही. वॉल्टरांनी टोपी काढून कपाळ पुसले होते, आणि आता त्यांचा निवाडा कोणता असेल हे सर्वांना कळत होते. लतिका पांढरी पडली.

काकूंचा हात थांबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. “आजवर भरल्या ताटावरून कोणाला उठवलं नाही गं मी,” त्या म्हणाल्या.

“ताट रिकामं आहे, आई,” लतिका म्हणाली. “नीट बघ. तिथे काहीच नाहीये. तो रिकाम्या ताटावर बसलाय, आणि त्यासाठी मरणार आहे. डोन्ट स्टॉप. प्लीज.”

काकूंनी खडकाकडे पाहिले. वाट्या कोरड्या होत्या.

मग मी जी वाजले, तशी पॉलीच्या गळ्यातही कधी वाजले नव्हते. एका हातात मी, दुसऱ्या हातात डब्याचे झाकण, पदर खोचलेला, अशा काकू पुढे सरसावल्या. कुंपण मोडून परसात शिरलेल्या गुराला घालावी तशी त्यांनी बाळला ओरड घातली. त्यात त्याच्या सात पिढ्या आल्या आणि त्याचे वाढते वयही आले. मागून पातेल्यांचा कल्लोळ उठला. श्रीरामांनी तर शाळेतली कवायतीची आज्ञाच ठोकली. बाळ क्षणभर गोंधळला. इतक्या मायाळू बाईचे असे रूप त्याने पाहिले नव्हते. तो उठला, एक पाऊल मागे सरला, आणि मग एकदम वळून झाडीत पसार झाला. फांद्या मोडल्याचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला.

काकू खडकावर बसून रडल्या आणि मग हसल्या. वॉल्टरांनी टोपी घातली. एवढा आवाज करणारी स्वयंसेविका आपल्याला आजवर मिळाली नव्हती, असे ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ते भाषणच म्हणायचे.

त्या दिवसापासून जेवणाला मी वाजणे बंद झाले. मंडळींना नुसती हाक जाई. मी वाजे ती फक्त बाळसाठी. पुढच्या खेपेला तो झाडीच्या कडेपर्यंत आला आणि गोंगाट ऐकून परतला. त्यापुढच्या खेपेला आलाच नाही. काकूंनी आपली रीत मात्र सोडली नाही. पहिला घास अजूनही बाजूला निघतो, पण डब्याच्या झाकणात. आणि तो खातात एकनाथ.

“वहिनी, मी नैवेद्य मानत नाही,” ते सांगतात, “पण पुरणपोळी मानतो.” यावर श्रीरामांनी काढलेला वाद अजून चालू आहे.

ऑक्टोबरात डोंगर तांबडे-पिवळे झाले आणि ओकची फळे गळू लागली. हंगामातल्या शेवटच्या शनिवारी लतिकाने दुर्बीण आईच्या हाती दिली. खालच्या उतारावर, पानांच्या ढिगात तोंड खुपसून, बाळ आपल्या हाताने मिळवलेले खात होता. चांगलाच गुबगुबीत झाला होता. काकूंनी पुष्कळ वेळ पाहिले. मग त्यांनी मला खिळ्यावरून काढले आणि एकदाच टोला दिला.

बाळने मान वर केली. कान टवकारले. आणि शांतपणे वळून, मागे न पाहता, तो दाट झाडीत निघून गेला.

“शहाणा झाला गं,” काकू म्हणाल्या, आणि मला पुसून खिळ्याला अडकवले.

मित्रांनो, मी जुने लोखंड आहे. तुम्हाला उपदेश करण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. पण दोन्ही बाजू पाहिलेल्या साक्षीदाराचे म्हणणे ऐकावे असा न्याय आहे. हात लावला नाही म्हणून हा माळ मरत होता, आणि हात लावला म्हणून ते अस्वल मरणार होते. कुठे हात घालावा आणि कुठे आवरावा हे ओळखणे, यालाच मी जपणे म्हणते. ते प्रत्येक जिवाबाबत नव्याने शिकावे लागते. तुम्ही माळावर याल तेव्हा विळा आणा, कुदळ आणा, चार झुडपे तोडून गवताला ऊन द्या. मला मनसोक्त वाजवा. माझी ना नाही. फक्त खडकावर काही ठेवू नका. त्याच्या वाट्यांत आता पावसाचे पाणी साचते. ज्याला तहान लागेल त्याने यावे, ते प्यावे, आणि कोणाचेही न होता निघून जावे.